इथेनॉलची निविदा आणि उजनीचे पाणी: कारखान्याच्या कागदांत गावाची बाजू कुठे आहे?

गाळप हंगाम सुरू झाला की टेंभुर्णी, करमाळा, इंदापूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावू लागतात. त्यांच्या गर्दीत आता इथेनॉलचे टँकरही नेहमीचे झाले आहेत. ट्रॉलीत काय आहे हे सांगायला नको. टँकरमध्ये जे असते तेही तुमच्याच उसातून निघालेले असते, फक्त त्याचा खरेदीदार वेगळा असतो. कारखान्याची साखर व्यापारी घेतो. पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल मात्र मुख्यतः इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या सरकारी तेल कंपन्या घेतात, आणि त्या ते निविदा काढून घेतात.

म्हणजे तुमचा कारखाना, सहकारी असो वा खासगी, सरकारी खरेदीतला पुरवठादार आहे. अशा पुरवठादाराची आसवनी चालायची तर पर्यावरणाच्या काही अटी पाळाव्याच लागतात. या अटी कोणत्या, त्या कोणत्या कागदावर लिहिलेल्या असतात, २०२१ मध्ये त्यातली कोणती अट सैल झाली आणि उजनीकाठच्या शेतकऱ्याने त्याकडे लक्ष का द्यायचे, हे या लेखात समजून घेऊ.

निविदेत स्पर्धा कशाची असते?

इथेनॉल पुरवठा वर्ष १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर असे धरले जाते. उसापासूनच्या इथेनॉलचा दर केंद्र सरकार ठरवते. उसाचा रस किंवा सिरपपासूनच्या इथेनॉलला प्रतिलिटर ६५.६१ रुपये आणि बी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलला ६०.७३ रुपये हे दर २०२२-२३ च्या पुरवठा वर्षात ठरले. सी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलचा दर जानेवारी २०२५ मध्ये ५७.९७ रुपये झाला. दर आधीच ठरलेला असल्याने या निविदेत कारखाने एकमेकांपेक्षा कमी दर लावत नाहीत. तिथे प्रश्न असतो तो कोणाचा किती माल घ्यायचा, याचा.

हा प्रश्न आता अवघड होत चालला आहे. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटर इथेनॉल मागितले. देऊ केले गेले १,७७६ कोटी लिटर. मंजूर झालेल्या वाटपात उसापासूनच्या इथेनॉलचा वाटा सुमारे २८ टक्के आहे, बाकीचे मका, तांदूळ आणि खराब धान्याचे आहे. पेट्रोलमधील मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले आहे. जितके कराल तितके घेऊ, हे दिवस संपले.

ज्या बाजारात देणारे जास्त आणि घेणारा एकच असतो, तिथे घेणाऱ्याला अटी घालता येतात. त्याच बाजारात ज्याची कागदपत्रे अपुरी असतात तो आधी अडचणीत येतो. पुढचे सगळे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवा.

एक लिटर इथेनॉलमागे काय उरते?

मळी आंबवून इथेनॉल काढले की मागे गडद तपकिरी, आंबट वासाचे पाणी उरते. त्याला स्पेंटवॉश म्हणतात. मळीपासून एक लिटर इथेनॉल काढताना साधारण ८ ते १२ लिटर स्पेंटवॉश निघतो. एक टन उसातून ४० ते ४५ किलो सी-हेवी मळी आणि तिच्यापासून दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळते असे धरले, तर तुमच्या एका टन उसामागे सुमारे १०० लिटर स्पेंटवॉश होतो. एकरी ४० टन उतारा धरला तर एका एकराच्या उसामागे हा आकडा ४,००० लिटरवर जातो.

आता प्रकल्पाचा हिशेब पाहा. रोज ६०,००० लिटर इथेनॉल करणाऱ्या आसवनीतून रोज ४.८ ते ७.२ लाख लिटर स्पेंटवॉश बाहेर पडतो. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजला तर दिवसाला ४८ ते ७२ टँकर.

कच्च्या स्पेंटवॉशचा बीओडी, म्हणजे पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकण्याची ताकद, लिटरमागे ४० ते ५० हजार मिलिग्रॅम असते. घरगुती सांडपाण्यात हाच आकडा दोन-तीनशेच्या आसपास असतो. त्यामुळे थोडा स्पेंटवॉश ओढ्यात गेला तरी त्या पाण्यात मासा तग धरत नाही. तो जमिनीत मुरत राहिला तर विहिरीचे पाणी रंगते आणि खारट होते, आणि एकदा बिघडलेली विहीर सुधारायला वर्षे लागतात.

म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या १७ उद्योगांच्या यादीत साखर कारखाने आणि आसवन्या दोन्ही ठेवल्या. २००३ च्या ‘क्रेप’ सनदेत आसवन्यांनी नदी-ओढ्यात एक थेंबही सोडू नये, असे ठरले. आजच्या भाषेत याला शून्य द्रव विसर्ग म्हणजे ‘झेडएलडी’ म्हणतात. तो साधण्याच्या मुख्य वाटा दोन. स्पेंटवॉश आटवून घट्ट करायचा आणि खास बॉयलरमध्ये जाळायचा, किंवा प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट करायचे. पावसाळ्यात उघड्यावरचे कंपोस्ट चालत नाही, म्हणून वर्षातले अधिक दिवस आसवनी चालवायची असेल तर जाळण्याचा बॉयलर लागतो.

साखर कारखान्याच्या सांडपाण्याचे नियम वेगळे आहेत. जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेनुसार गाळलेल्या एका टन उसामागे प्रक्रिया केलेले सांडपाणी १०० लिटर आणि कूलिंग टॉवर किंवा स्प्रे पाँडचे पाणी १०० लिटर, यापेक्षा जास्त बाहेर पडता कामा नये. बाहेर पडण्याची जागाही एकच असावी. तुमच्या कारखान्याच्या कुंपणातून दोन-तीन ठिकाणी चर निघालेले दिसत असतील, तर या नियमावर बोट ठेवून विचारता येते.

अटी कोणत्या कागदांवर असतात?

तेल कंपनीला माल द्यायचा तर आसवनी कायदेशीर चालू असली पाहिजे. त्यासाठी तीन कागद महत्त्वाचे आहेत.

१) पर्यावरण मंजुरी. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली ही मिळते. स्पेंटवॉश कसा संपवायचा, किती दिवसांचा साठा ठेवता येईल, तलावाला अस्तर कसे हवे, भूजल तपासणीच्या विहिरी कुठे हव्यात, नदीतून किती पाणी उचलायचे, हे सारे तिच्या अटींत लिहिलेले असते.

२) संमतीपत्र. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७४ च्या जल कायद्याखाली ते देते.  त्यासोबत बहुधा बँक हमीचा तक्ता जोडलेला असतो. कोणती अट मोडली तर किती रकमेची हमी जप्त होईल, हे त्यात दिलेले असते.

३) कर्ज सवलतीची अट. जुलै २०१८ पासून केंद्र सरकारने आसवनी उभारणी आणि विस्तारासाठी व्याज सवलतीच्या योजना आणल्या. २०१८ च्या योजनेत स्पेंटवॉश जाळणारा बॉयलर किंवा शून्य विसर्गाची दुसरी मान्य पद्धत बसवण्याचा खर्चही धरला होता. म्हणजे अनेक ठिकाणी हा बॉयलर सरकारच्या, पर्यायाने तुमच्या-आमच्या पैशांच्या मदतीने उभा आहे. तो चालू आहे की बंद, हे विचारणे म्हणजे कोणाच्या खासगी कारभारात नाक खुपसणे नव्हे.

२०२१ मध्ये काय बदलले?

एरवी मोठ्या आसवनीचा विस्तार करायचा तर आघाताचा सविस्तर अहवाल तयार होतो आणि जनसुनावणी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळ तीस दिवस आधी नोटीस देते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी सुनावणी घेतात. गावकरी उभे राहून बोलतात, त्याची नोंद होते आणि कारखान्याला उत्तर द्यावे लागते. सुनावणीत सगळे ऐकले जाते असे नाही, पण तुमची विहीर कुठे आहे हे तिथे नोंदवता येते.

जून २०२१ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने या अधिसूचनेत दुरुस्ती केली. ज्या साखर कारखान्याला किंवा आसवनीला आधीची पर्यावरण मंजुरी आहे, तिने केवळ पेट्रोल मिश्रण कार्यक्रमासाठी इथेनॉल करण्याकरिता विस्तार केला आणि तसे प्रतिज्ञापत्र दिले, तर तो प्रस्ताव ‘बी-२’ गटात धरला जाईल, असे ठरले. बी-२ गटाला आघाताचा सविस्तर अहवाल लागत नाही आणि जनसुनावणीही लागत नाही. इथेनॉल लवकर वाढावे हा त्यामागचा हेतू होता, आणि ते वाढलेही. पण सरकारला माल पुरवण्याच्या बदल्यात जी सूट मिळाली, तिची किंमत गावाच्या बोलण्याच्या संधीने चुकवली.

याच दुरुस्तीत एक महत्त्वाची अटही आहे. अशा मंजुरीवर केलेले इथेनॉल पूर्णपणे मिश्रण कार्यक्रमासाठी वापरले जात नाही, इथेनॉल तयारच होत नाही, किंवा ज्या गोष्टींच्या आधारे बी-२ गट मिळाला त्या पाळल्या जात नाहीत, असे आढळले तर ती मंजुरी रद्द ठरते. प्रतिज्ञापत्र देऊन मिळवलेली मंजुरी प्रतिज्ञापत्र मोडल्यास जाते. सुनावणीत बोलण्याची संधी गेली असली, तरी प्रतिज्ञापत्रातील शब्द खरा आहे का हे पाहण्याची वाट उघडी आहे.

उजनीत हे जास्त महत्त्वाचे का?

उजनीच्या पाण्याचा प्रश्न केवळ साखर कारखान्यांचा नाही, हे आधीच स्पष्ट करू. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा असा प्रवास करत याच जलाशयात येते. हिरवे शेवाळ, जलपर्णी आणि पाण्याचा वास यांत त्याचा वाटा फार मोठा आहे. कारखान्याला विचारताना हे विसरून चालणार नाही, आणि वरून घाण येते म्हणून खालच्याला सूट आहे, असेही चालणार नाही.

उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा सुमारे ५४ टीएमसी आणि मृत साठा सुमारे ६३ टीएमसी. २०२३ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरले नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेली, म्हणजे मृत साठ्यातलेही सुमारे ३२ टीएमसी पाणी वापरले गेले. पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडले. पाइप वाढवत वाढवत मोटारी पात्रात ढकलाव्या लागल्या, हे कंदर, वांगी, केत्तूर, जिंतीच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

पाणी इतके खाली जाते तेव्हा घाण पातळ करायला पाणीच उरत नाही. भरल्या जलाशयात न जाणवणारा विसर्ग उणे पातळीत डबक्यात साचतो. तेच पाणी केळीला, द्राक्षाला, डाळिंबाला जाते. सोलापूर शहर तेच पाणी शुद्ध करून पिते. भिगवण, कुंभारगावच्या मच्छीमारांचे पोट त्यावर आहे.

त्यात आणखी एक बदल होत आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांच्या आसवन्या उसाबरोबर मका आणि खराब धान्यावरही चालाव्यात, म्हणून व्याज सवलतीची योजना जाहीर केली. मका पिकवणाऱ्याला जवळ गिऱ्हाईक मिळेल, हे चांगलेच आहे. पण आसवनी गाळप हंगामापुरती न राहता वर्षभर चालू शकेल. मग एप्रिल-मे महिन्यांतही, म्हणजे जलाशय सर्वांत खाली असताना, तिचे पाणी आणि तिचा टाकाऊ माल दोन्ही सांभाळावे लागतील.

तुम्ही ऊस घालता आणि पाणीही पिता

अनेकांच्या मनात शंका येते, की कारखान्यावर बोट ठेवले तर उसाची नोंद राहील का, बिल अडेल का? ही भीती खोटी नाही. पण हिशेब उलट बाजूनेही मांडून पाहा.

२०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर १५ टक्के व्याज देय होते. साखर महिनोन्महिने गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे त्या मानाने लवकर मिळतात. त्यामुळे एफआरपी वेळेत देण्यात इथेनॉलचा मोठा आधार असतो.

आता समजा, अटी मोडल्याबद्दल आसवनी बंद करण्याची नोटीस आली. मंजूर झालेला पुरवठा अडकतो, मळीच्या टाक्या भरतात आणि उसबिलाचे वेळापत्रक कोलमडते. शेवटी बोजा सभासदावर येतो. त्यातून बाजारात देऊ केलेला माल मागणीच्या दीडपटीहून जास्त आहे, त्यामुळे तुमचा माल आला नाही तर दुसऱ्याचा घेतला जाईल. म्हणून झेडएलडी नीट चालवणे हे पाण्याइतकेच उसबिलाच्याही हिताचे आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत रिकव्हरीबद्दल विचारता, तसे बॉयलर किती दिवस चालला हेही विचारा.

ग्रामपंचायतीने आणि शेतकऱ्यांनी काय करावे?

- मंजुरीची प्रत मागा. पर्यावरण मंजुरी मिळाल्यावर कारखान्याने तिची प्रत ग्रामपंचायतीला द्यायची असते आणि ग्रामपंचायतीने ती ३० दिवस फलकावर लावायची असते. दप्तरात ती आहे का, ते ग्रामसेवकांना विचारा. नसेल तर पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर कारखान्याच्या नावाने शोधता येते.
- संमतीपत्र पाहा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर संमतीपत्रे टाकलेली असतात. मुदत, रोजची मंजूर क्षमता, सांडपाण्याची मर्यादा आणि बँक हमी या चार गोष्टी वहीत उतरवून घ्या.
- १ जून आणि १ डिसेंबर या तारखा लक्षात ठेवा. मंजुरीच्या अटी पाळल्याचा सहामाही अहवाल कारखान्याने या तारखांना द्यायचा असतो. तो सार्वजनिक कागद आहे. वर्षाचे पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे जाते.
- अहवाल आणि शिवार जुळवून पाहा. अहवालात भूजल तपासणीच्या विहिरी लिहिलेल्या असतात. त्या खरोखर कुठे आहेत? कारखान्याच्या वरच्या अंगाला असतील तर मुरणारे पाणी त्यांत दिसणारच नाही. उताराच्या बाजूची विहीर तपासणीत घ्या, अशी लेखी मागणी करा.
- कागद मिळत नसेल तर माहिती अधिकार वापरा. दहा रुपये शुल्काचा अर्ज मंडळाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ‘सर्व माहिती द्या’ असे मोघम लिहू नका. ‘अमुक महिन्यातील तपासणी अहवाल, नमुन्यांचे निकाल आणि दिलेल्या नोटिसांच्या प्रती’ असे नेमके मागा.
- तक्रार पुराव्यासह करा. तारीख, वेळ, ठिकाण, फोटो आणि ओढ्याचा गट क्रमांक लिहा. सोलापूर जिल्ह्यातील गावांनी मंडळाच्या सोलापूर उपप्रादेशिक कार्यालयाकडे अर्ज द्यावा, पोहोच घ्यावी आणि ग्रामसभेचा ठराव जोडावा. एका माणसाच्या अर्जापेक्षा ठरावाला वजन असते, आणि एकट्यावर दबावही येत नाही.
- नुकसान झाले असेल तर वेळ घालवू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाईच्या अर्जाला पाच वर्षांची मुदत आहे, पण पुरावा पहिल्या आठवड्यातच गोळा करावा लागतो.

आणि एक गोष्ट करू नका. खत म्हणून स्पेंटवॉशचा टँकर फुकट देतो, असे कोणी म्हटले तर तो शेतात सोडू देऊ नका. त्यात पालाश असतो हे खरे, पण कच्चा स्पेंटवॉश आम्ल असतो आणि त्यात क्षार भरपूर असतात. भारी काळ्या जमिनीत निचरा मुळातच कमी, तिथे क्षार साचून जमीन खराब होते. शिवाय शून्य विसर्गाची अट असताना असा टँकर तुमच्या बांधावर आला, तर उद्या जबाबदारी ढकलायला तुमचाच गट क्रमांक पुढे केला जाईल.

विहिरीचे पाणी तपासताना

कृषी सहायकांनी गावातील पाच-सहा विहिरी ठरवून वर्षातून दोनदा नमुने घेतले, तर दोन वर्षांत गावाकडे स्वतःची नोंद तयार होते. एक वेळ गाळपाआधी, ऑक्टोबरमध्ये. दुसरी उन्हाळ्यात, मेमध्ये.

मोटार दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवा. एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा. शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, तारीख आणि विहिरीची खोली लिहा. २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा. मोहोळ किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात पाणी तपासणीबाबत विचारणा करता येईल.

सिंचनासाठी सामू ६.५ ते ८.४ असावा. विद्युत वाहकता (ईसी) ०.७५ पर्यंत असेल तर पाणी बहुतेक पिकांना चालते. ०.७५ ते २.२५ दरम्यान असेल तर निचरा आणि पिकाची निवड पाहावी लागते. २.२५ च्या वर ते धोक्याचे. केळी आणि द्राक्ष खारट पाणी फार सोसत नाहीत. बीओडी-सीओडीचा नमुना मात्र बर्फात ठेवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. तक्रारीच्या वेळी मंडळाच्या अधिकाऱ्यांसमोर घेतलेला नमुनाच उपयोगी पडतो.

जाळलेल्या स्पेंटवॉशची राख शेतात परत येऊ शकते

शून्य विसर्ग म्हणजे कारखान्याला नुसता खर्च, असे नाही. स्पेंटवॉश जाळल्यावर उरणाऱ्या राखेपासून पालाशयुक्त खत तयार होते. त्याला पीडीएम म्हणतात. त्यात १४.५ टक्के पालाश असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने ते अनुदानित खतांत घेतले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कारखाने आणि खत कंपन्यांमधील विक्रीसाठी टनाला ४,२६३ रुपये दर जाहीर झाला.

वापरण्याआधी हिशेब करा. सुरू ऊस किंवा खोडव्याला हेक्टरी ११५ किलो, म्हणजे एकरी ४६ किलो पालाशाची शिफारस आहे. तो म्युरेट ऑफ पोटॅशमधून (६० टक्के) द्यायचा तर सुमारे ७७ किलो लागतो. पीडीएममधून द्यायचा तर सुमारे ३१७ किलो, म्हणजे सहा पोत्यांच्या वर. म्हणून पीडीएमच्या पोत्याचा दर म्युरेटच्या पोत्याच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी असेल तरच ते परवडते. म्युरेटचे पोते १,६०० रुपयांना धरले, तर पीडीएमचे पोते सुमारे ३८५ रुपयांच्या आत मिळायला हवे, वाहतूक आणि मजुरी वेगळी. ते राखेपासून बनत असल्याने चोपण किंवा चुनखडीच्या जमिनीत माती परीक्षण करूनच द्यावे.

खरेदीदाराला काय सांगायचे?

मंजुरी आणि संमतीपत्र आज वेगवेगळ्या खात्यांत पडून असतात. पर्यावरण मंत्रालय मंजुरी देते, प्रदूषण नियंत्रण मंडळ तपासणी करते आणि तेल कंपनी माल घेते. खरेदीचा धागा मात्र एकच आहे, आणि तो तेल कंपनीच्या हातात आहे. पुरवठा मंजूर करण्याआधी कारखान्याचा ताजा सहामाही अहवाल, संमतीपत्राची मुदत आणि मंडळाच्या शेवटच्या तपासणीचा निकाल पाहिला जावा, अशी मागणी ग्रामसभांनी आणि सभासदांनी करायला हरकत नाही. मागणीपेक्षा कितीतरी जास्त माल दारात उभा असताना खरेदीदाराला हे सहज जमण्यासारखे आहे. जे कारखाने प्रामाणिकपणे लाखो रुपये खर्चून बॉयलर चालवतात, त्यांच्यासाठीही ते न्यायाचे ठरेल. आज पाणी सांभाळणाऱ्यालाही लिटरमागे तोच दर आणि न सांभाळणाऱ्यालाही तोच.

तोवर सुरुवात गावातून करता येते. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एकच विषय ठेवा: आपल्या शिवारालगतच्या आसवनीची पर्यावरण मंजुरी आणि संमतीपत्र वाचून दाखवणे. वाचायला अर्धा तास लागेल. त्यानंतर बॉयलर चालू आहे की बंद आणि तलावाला अस्तर आहे की नाही, हे कोणाला विचारायचे आणि कोणत्या कलमाने विचारायचे, ते गावाला कळलेले असेल.